कथालेखन स्पर्धेत पहिल्याच चाळणीत गळायचं नसेल, तर या चुका टाळा

गेली काही वर्षं मी शाळकरी मुलांच्या कथालेखन स्पर्धांसाठी पहिली चाळणी करते. म्हणजे आलेल्या सगळ्या कथा वाचायच्या आणि त्यातल्या मोजक्या पुढच्या परीक्षकांकडे पाठवायच्या. एका बैठकीत तीस-चाळीस कथा सहज होतात. मुलांनी मेहनत घेतलेली दिसते, तरीही दरवेळी त्याच त्या चुकांपायी चांगल्या कथा बाजूला ठेवाव्या लागतात आणि फार वाईट वाटतं. सहावी ते आठवीतल्या, पहिल्यांदाच स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांसाठी हे लिहिते आहे. आईबाबांनीही वाचावं. मधला एक भाग खास त्यांच्यासाठी आहे.

पहिली सुचलेली कल्पना

समजा, विषय आला ‘हरवलेलं’. तो वाचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जे सुचतं, ते सगळ्यांनाच सुचतं. पाकीट हरवतं आणि प्रामाणिक मुलगा ते परत करतो. कुत्रा हरवतो आणि पावसात सापडतो. जत्रेत धाकटी बहीण हरवते. यातली एकही कल्पना वाईट नाही, पण गठ्ठ्यातली पंधरावी ‘पाकीट’ कथा हातात आली की वाचणाऱ्याला तिचा शेवट दुसऱ्याच परिच्छेदात दिसतो.

माझी सवय सांगते. विषयाखाली एक ते दहा आकडे घालायचे आणि दहा कल्पना लिहायच्या. मग पहिल्या पाच खोडायच्या, कितीही आवडल्या तरी. सहाव्या-सातव्या आकड्यापाशी डोकं रिकामं होतं आणि मुलं चुळबूळ करायला लागतात. “सुचत नाहीये, चौथीच घेऊ का?” असं विचारतात. मी नाही म्हणते. त्या रिकाम्या वेळात बसून राहिलं, तरच स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी वर येतं. घाई करणाऱ्यांना ते भेटत नाही.

माझ्या लेखनवर्गातल्या सातवीतल्या एका मुलाला आठव्या आकड्यावर एक गोष्ट सापडली होती. त्याच्या घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं उंचीच्या रेघा मारलेल्या होत्या. दादाच्या रेघेपुढे ‘दा’, याच्या रेघेपुढे ‘मी’, आणि शेजारी वय. दादा आता शिकायला दुसऱ्या गावी गेलेला. बाराव्या वर्षीच्या दादाच्या रेघेला गाठायला याला दोन बोटं कमी होती. तेवढ्यात घराला रंग काढला आणि चौकटही रंगवली गेली. हरवलं ते एवढंच. कच्च्या प्रतीचा शेवट मला अजून पाठ आहे: “रात्री सगळे झोपल्यावर मी डोळे मिटून चौकटीवरून बोट फिरवलं. एका ठिकाणी ते अडखळलं.” पेन्सिल जोरात दाबून मारलेल्या रेघेची खाच रंगाखाली शिल्लक राहिली होती. बारा वर्षांच्या मुलानं हे लिहिलं होतं, आणि मी त्यातला एकही शब्द बदलला नाही.

मोठ्यांचा हात

ती कथा निवडली गेली नाही. कारण मला नंतर समजलं. पाठवण्याच्या आदल्या रात्री घरातल्या एका मोठ्या माणसानं ती ‘जरा नीट’ केली होती. पाठवलेली प्रत मी पाहिली. ‘रंगारी’ जाऊन तिथे ‘रंगांचे किमयागार’ आले होते. दादाच्या आठवणीत ‘नयनांतून अश्रूंच्या धारा’ वाहत होत्या. आणि बोट अडखळतं त्या वाक्यानंतर आणखी सहा ओळी होत्या: काळ कोणासाठी थांबत नाही, आठवणी हेच खरे धन, म्हणून आपण वडिलधाऱ्यांचा आदर केला पाहिजे. मी मुलाला विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, “मॅडम, शेवट माझा नव्हता.”

त्या माणसाची माया खोटी नव्हती. पण वाचणाऱ्याला हा सांधा लगेच जाणवतो. दोन पानं साध्या, नेमक्या भाषेत चाललेली कथा अचानक भाषणाच्या सुरात जाते, आणि कुठल्या ओळीपासून दुसरा हात फिरला ते बोट ठेवून दाखवता येतं. मग मुलाच्या खऱ्या ओळींवरही शंका येते. नुकसान मुलाचं होतं.

आईबाबांना आणि शिक्षकांना विनंती आहे: पेन हातात घेऊ नका. प्रश्न विचारा. ‘इथे मला कळलं नाही’, ‘ती असं का म्हणाली?’, ‘हे कुठे घडतंय?’ असे तीन-चार प्रश्न मुलाला पुरतात, उत्तर त्याला स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. शुद्धलेखनाची चूक दिसली, तर तिच्याखाली रेघ ओढा, दुरुस्ती त्याला करू द्या.

कथा यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेणं हा याच चुकीचा नवा अवतार. अनेक स्पर्धांच्या नियमांत आता त्याला स्पष्ट मनाई असते. नियमात नसेल तरी मी तुम्हाला तसं करू देणार नाही. तुमच्या चौकटीवरची खाच यंत्राला माहीत नाही. दोन मिनिटांत कथा मिळते हे खरं, पण ती दुसऱ्या कोणालाही तशीच मिळते. कच्च्या प्रती मात्र जपून ठेवा, खाडाखोडीसकट. कोणी विचारलं तर त्या दाखवता येतात.

कथा उशिरा सुरू होणे

‘सकाळचे सात वाजले होते. पक्षी किलबिलत होते. गजर झाला आणि नेहा उठली. तिनं दात घासले, दूध प्यायलं आणि ती शाळेला निघाली.’ अशा सुरुवातीत पन्नास-साठ शब्द आरामात जातात आणि घडत काहीच नाही. अशीच एक कथा माझ्या हातात आली होती. तिच्या तिसऱ्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य होतं: ‘वर्गात शिरताना नेहाच्या एकाच पायात चप्पल होती.’ कथा तिथून सुरू होते! दुसरी चप्पल कुठे गेली हे विचारल्याशिवाय पान खाली ठेवता येत नाही. पण हे वाक्य पोरीनं पान उलटल्यावर लिहिलं होतं.

माझी पद्धत साधी आहे. कच्ची प्रत झाली की पहिले दोन परिच्छेद हातानं झाका आणि तिसऱ्यापासून मोठ्यानं वाचा. काही अडत नसेल, तर ते दोन परिच्छेद काढा. त्यातली एखादी आवश्यक माहिती असेल, तर ती पुढे एका वाक्यात बसते. दर चारपैकी तीन कथांत हा उपाय लागू पडतो, असा माझा अनुभव आहे.

शब्दमर्यादा

‘शब्दमर्यादा १०००’ असं लिहिलेलं असताना १३०० शब्द पाठवले, तर कथा वाचलीही न जाण्याची शक्यता असते. ‘थोडं जास्त झालं तर काय होतंय’ हे मी दरवर्षी ऐकते. होतं! मर्यादा पाळणाऱ्या मुलीनं तिला आवडलेली वाक्यं मन घट्ट करून कापलेली असतात, तिच्यावर तो अन्याय आहे.

मर्यादा स्पर्धेगणिक बदलते. राष्ट्रकुल देशांतल्या मुलांसाठी १८८३ पासून चालत आलेल्या क्वीन्स कॉमनवेल्थ निबंध स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या मुलांचा गट वेगळा असतो आणि त्यांना मोठ्या गटापेक्षा कमी शब्द मिळतात. बीबीसीच्या मुलांसाठीच्या कथास्पर्धेचं तर नावच ‘५०० वर्ड्‌स’ आहे. त्यामुळे आपला गट वय पाहून ठरतो की इयत्ता पाहून, आणि वय कुठल्या तारखेला मोजतात, हे आधी वाचा. गेल्या वर्षीचं पत्रक वापरू नका.

१००० शब्दांत किती मावतं, याचा माझा हिशेब असा: दोन-तीन माणसं, एक जागा, एक दिवस. मुलं त्यात आजोबांचं बालपण, परदेशवारी, अपघात आणि पुरस्कार सोहळा असं सगळं कोंबतात, आणि मग प्रत्येक गोष्टीला एकच वाक्य उरतं. कापायचं असेल तर सुटे शब्द वेचत बसू नका. एक अख्खा प्रसंग काढा किंवा एक पात्र काढा. मित्र आणि मामेभाऊ दोघंही एकच काम करत असतील, तर एक पुरे.

संगणक शब्द मोजताना मधल्या मोकळ्या जागा पाहतो, हेही लक्षात ठेवा. पूर्णविरामापुढे जागा सोडली नाही, तर दोन शब्द एक धरले जातात आणि तुमचा आकडा चुकतो.

भाषेच्या लहान गोष्टी

‘केले’ आणि ‘केलं’ एकाच परिच्छेदात नकोत. निवेदन ‘केले, गेले, त्याने’ असं आणि संवाद ‘केलं, गेलं, त्यानं’ असे चालतात. सगळंच बोलीत लिहिलं तरी चालतं. निवेदन मात्र एकाच रूपात शेवटपर्यंत न्या.

मराठी शब्दांच्या शेवटची वेलांटी-उकार दीर्घ असतात, पण ‘आणि’ ऱ्हस्वच. ‘आणी’ दिसलं की वाचणारा अडखळतो, आणि हा शब्द पानात वीस वेळा येतो.

‘तेवढ्यात मला जाग आली, ते स्वप्न होतं’ हा शेवट करू नका. वाचणाऱ्यानं तुमच्यावर ठेवलेला विश्वास अशा शेवटानं मोडतो.

शेवटी ‘तात्पर्य’ लिहू नका.

उद्गारचिन्ह एका वेळी एकच.

कथा अडली असेल, पुढचं सुचत नसेल, तर पात्र काय लपवतंय ते स्वतःला विचारा. नेहा वर्गात कोणापासून पाय लपवते? लिहिणाऱ्याला हे कळलं, की पुढचा प्रसंग आपोआप येतो.

लिहून झाल्यावर कथा किमान तीन दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्यानं वाचा. १००० शब्दांना आठ-नऊ मिनिटं लागतात. जिथे जीभ अडते किंवा स्वतःलाच कंटाळा येतो, तिथे पेन्सिलीनं खूण करा. ‘वेळच नव्हता’ म्हणणाऱ्या मुलांनी शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी लिहायला घेतलेलं असतं, आणि ते वाचताना कळतं.

पाठवताना

बऱ्याच स्पर्धांत कथेच्या पानांवर नाव किंवा शाळा लिहायला मनाई असते, कारण परीक्षकाला लेखक माहीत असता कामा नये. नाव फक्त अर्जावर लिहा. फाईलच्या नावातही ते घालू नका.

युनिकोडमध्येच टाईप करा, म्हणजे ज्यात मराठी अक्षरं कुठल्याही संगणकावर किंवा फोनवर तशीच दिसतात त्या पद्धतीत. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली कथा दुसऱ्या संगणकावर उघडली, की मराठीऐवजी निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसतात. माझ्याकडे अशा फाईली आल्या आहेत. आत काय होतं ते मला कधीच कळलं नाही. पीडीएफ मागितली असेल तर पीडीएफच द्या, आणि पाठवण्याआधी ती दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून पाहा. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘र्‍या’ नीट दिसतात का ते तपासा.

परदेशातली स्पर्धा असेल, तर ‘रात्री ११:५९’ हे कुठल्या देशाच्या घड्याळाप्रमाणे ते बघा. पालकांच्या संमतीची सही लागत असेल, तर ती आठवडाभर आधी घ्या.

एका वहीत कुठली कथा, कुठे, कुठल्या तारखेला पाठवली ते लिहून ठेवा. काही स्पर्धांना आधी छापलेली किंवा दुसरीकडेही पाठवलेली कथा चालत नाही. निकालात नाव नसलं, तर त्याच वहीत त्या ओळीपुढे फुली मारा, कच्ची प्रत बाहेर काढा आणि पेन्सिलीच्या खुणा पुन्हा बघा.