जुन्या पंक बँडचा नवा अल्बम: ध्वनिमुद्रणात नव्याने येणाऱ्यांसाठी सांगलीहून

इंटरफेस कसा जोडावा, गेन किती ठेवावा आणि संगणकात ट्रॅक कसे लावावेत, हे ज्यांना येते त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात सुरू झालेल्या आणि आता चाळिशी ओलांडलेल्या, आमच्या भागातील एका पंक बँडच्या नव्या अल्बमचे ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग माझ्याकडे आले होते. मी या व्यवसायात अजून पुरता स्थिरावलेलो नाही. गणेशोत्सवातील आणि लग्नांतील साउंडची कामे घेतल्याशिवाय घरभाडे निघत नाही. तेव्हा हा सल्ला धडपडणाऱ्या माणसाचा आहे, हे धरूनच वाचावे.

तीन कॉर्ड, दोन मिनिटांचे गाणे आणि आरडाओरडा, यात ध्वनिमुद्रकाला काम ते काय, असे ज्यांना वाटते त्यांनी अशा अल्बमला हात लावू नये. रमोन्स या बँडचा पहिला अल्बम 1976 साली न्यू यॉर्कमध्ये साधारण आठवड्याभरात आणि सुमारे 6,400 डॉलरमध्ये झाला, 14 गाणी मिळून अवघी 29 मिनिटे, हा दाखला नवखे लोक हमखास देतात. हा बँड 1974 पासून मंचावर वाजवत होता, ही गोष्ट मात्र त्या दाखल्यातून गळून पडते. जुन्या बँडच्या नव्या अल्बमची अडचण नेमकी उलटी असते. त्यांची जुनी गाणी हातात मुरलेली असतात, परंतु नवी गाणी श्रोत्यांसमोर एकदाही वाजलेली नसतात, आणि वीस वर्षांच्या अनुभवामुळे तालमीची गरज नाही असा सर्वांचा समज असतो. तालमीचे मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण ऐकल्याशिवाय ध्वनिमुद्रणाच्या हॉलची तारीख ठरवू नये. कुणाला राग आला तरी चालेल.

सांगलीत ड्रमसाठी उंच छताची खोली भाड्याने मिळणे कठीण आहे. चातुर्मासात लग्ने नसल्यामुळे मंगल कार्यालये परवडणाऱ्या दरात मिळतात. फक्त पत्र्याचे छत टाळावे, कारण पावसाची एक सर आली की टेक, म्हणजे त्या खेपेचे ध्वनिमुद्रण, गेला. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, नाहीतर गिटारच्या तारांचे कंपन टिपणाऱ्या पिकअपमधून येणारी 50 हर्ट्झची घरघर शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. नदीकडच्या भागात तळमजल्यावर सामान ठेवू नये. 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना कारण सांगायला नको.

आता ज्या सापळ्याने मला सर्वाधिक छळले, त्याविषयी सविस्तर लिहितो. तो म्हणजे फेज, अर्थात एकच आवाज दोन माइकमध्ये वेगवेगळ्या वेळी पोचल्याने लहरींचा बिघडणारा मेळ. हा शब्द सर्वांनी ऐकलेला असतो, आणि ऐकलेला असल्यामुळेच तो समजला आहे असे वाटते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर, म्हणजे एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. स्नेअरवर, म्हणजे ड्रम-संचातील कडक आवाजाच्या ड्रमवर, काठी पडली की आवाज जवळच्या माइकपर्यंत जवळजवळ तत्काळ पोचतो. ड्रमच्या वर लावलेला ओव्हरहेड माइक त्याहून 86 सेंटिमीटर दूर असेल तर तेथे तोच आवाज अडीच मिलिसेकंद उशिरा पोचतो. 200 हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन पाच मिलिसेकंदांचे असते. अडीच म्हणजे बरोबर निम्मे. एका माइकमध्ये ती लहर वर असते तेव्हा दुसऱ्यात ती खाली असते, आणि दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की त्या एकमेकींना खाऊन टाकतात. स्नेअरचा भरीवपणा, जो छातीवर आदळायला हवा, तो साधारण याच पट्ट्यात असतो.

याचा परिणाम फसवा असतो. प्रत्येक ट्रॅक सुटा ऐकला की उत्तम वाटतो, आणि सगळे एकत्र सुरू केले की स्नेअर रिकाम्या डब्यासारखा वाजतो. मग माणूस इक्यू, म्हणजे आवाजाचा हवा तो पट्टा कमी-जास्त करणारे साधन, उघडून 200 हर्ट्झ वाढवतो. जो भाग एकमेकांना रद्द करत आहे तोच दोन्ही ट्रॅकवर वाढवल्याने रद्द होणे थांबत नाही, फक्त आकडे मोठे होतात. त्यानंतर आवाजातील चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर येतो, मग दुसऱ्याच स्नेअरचे तयार सॅम्पल येते, मग उधारीवर नवे प्लगइन, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-सॉफ्टवेअर, येते. या चक्रात मी अनेक आठवडे घालवले आणि दोष कधी ड्रमच्या कातड्याला, कधी हॉलला, कधी स्वतःच्या कानांना दिला. हेडफोनवर डावे-उजवे वेगळे राहिल्याने आवाज रुंद भासतो आणि खोट झाकली जाते. तेच गाणे विश्रामबागेतल्या चहाच्या गाड्यावर लहानशा ब्लूटूथ स्पीकरवर लावले, म्हणजे डावे-उजवे एकत्र झाले, की ती उघडी पडते.

उपाय ध्वनिमुद्रणाच्या आधी करायचा असतो. स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही ओव्हरहेडपर्यंत दोरी धरून अंतर समान करावे. ही पद्धत ब्रिटिश ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाते, आणि क्लॅश या बँडच्या 1982 च्या अल्बमचे अंतिम मिक्स त्यांनीच केले होते, त्यामुळे ती पंकला मानवत नाही असे कुणी सांगितले तर ऐकू नये. समान अंतरामुळे दोन ओव्हरहेड एकमेकांशी भांडत नाहीत. जवळच्या माइकशी त्यांचा मेळ मात्र वेगळा तपासावा लागतो. त्यासाठी थोडे वाजवून घ्यावे, सर्व काही मोनो करावे, म्हणजे डावे-उजवे एकत्र करावे, एका वेळी दोनच ट्रॅक उघडावेत आणि एकाचे लहर उलटी करणारे पोलॅरिटीचे बटण दाबून पाहावे. ज्या स्थितीत खालचा भाग अधिक भरीव येतो ती ठेवावी. स्नेअरच्या खालच्या माइकचे बटण बहुधा दाबावेच लागते, कारण काठी पडताच कातडे वरच्या माइकपासून दूर आणि खालच्या माइककडे सरकते. दोन्ही स्थितींत समाधान झाले नाही तर उठून माइक चार बोटे सरकवावा. नंतर संगणकात ट्रॅक पुढे-मागे करून जुळवू, हा आळस आहे. ओव्हरहेड स्नेअरशी जुळवला की किक आणि टॉम या इतर ड्रमांशी असलेला त्याचा मेळ बिघडतो, कारण त्यांची अंतरे निराळी असतात.

गिटारच्या एकाच स्पीकरसमोर दोन माइक लावले आणि त्यांच्या अंतरात 17 सेंटिमीटरचा फरक पडला, तर हजार हर्ट्झच्या आसपासचा भाग जातो, म्हणजे पंक गिटारची धारच जाते. बेस थेट तारेने घेतला आणि जोडीला अँपसमोर माइकही ठेवला, तरी हाच प्रश्न येतो, कारण तारेतून येणारा आवाज आधी पोचतो. हे वाचून धास्तावण्याचे कारण नाही. एकदा कान सरावले की ही सर्व तपासणी चहा येईपर्यंत उरकते.

क्लिकच्या, म्हणजे ताल धरण्यासाठी कानात वाजणाऱ्या ठरावीक वेगाच्या टकटकीच्या, बाबतीत माझे मत टोकाचे आहे. आमच्या ड्रमरना मी पहिल्या दिवशी म्हणालो, “दादा, कोरसमध्ये वेग वाढतोय.” त्यावर ते म्हणाले, “वाढतोय नाही रे, मी वाढवतोय.” इतकी वर्षे एकत्र वाजवणारी माणसे एका श्वासात पुढे सरकतात, आणि ते सरकणे संगणकाच्या चौकटीत बसवले की बँडऐवजी प्लगइन ऐकू येते. नवख्या बँडला मात्र क्लिक अवश्य द्यावी.

गायकाचे वय विसरू नये. ओरडून गाणारा पंचेचाळिशीचा गळा दिवसात दोन-तीन तासच साथ देतो, तेव्हा गाण्याचे दिवस पसरून ठेवावेत.

शिकावे कोणाकडे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. महागड्या अभ्यासक्रमांविषयी माझे मत बरे नाही. त्यांत पडद्यावरचे शिकवतात, खोलीतले शिकवत नाहीत. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखाद्या कारागिराच्या परवानगीने दुपारभर बसावे आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावताना तो घोडी किती कमी घासतो आणि किती जास्त वेळ ऐकतो, ते पाहावे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण या ऐकण्याला कुठलेच प्रमाणपत्र नाही. मोठ्या शहरात गेल्याशिवाय काही होत नाही, हेही मला पटत नाही. डिसेंडेंट्स या जुन्या पंक बँडचे ड्रमर बिल स्टीव्हन्सन यांनी 1994 साली स्टुडिओ उभारला तो लॉस एंजेलिसमध्ये नव्हे, तर कोलोराडोतील फोर्ट कॉलिन्स या लहान शहरात, आणि दूरदूरचे बँड तेथे जाऊ लागले. अर्थात त्यामागे अनेक वर्षे दौऱ्यांवर वाजवणे होते; सांगलीत पाटी लावली म्हणून गिऱ्हाईक येत नाही.

डिसेंडेंट्सचा 2021 चा अल्बम फाइली जपण्याच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. त्याचे वादन 2002 साली मूळ सदस्यांनी ध्वनिमुद्रित केले होते, गिटारवादक फ्रँक नव्हेटा 2008 साली वारले, आणि मायलो ऑकरमन यांचे गायन 2020 साली टाळेबंदीत त्यावर चढवले गेले. अठरा वर्षांनी उघडता येतील अशा फाइली कोणी तरी ठेवल्या होत्या. आमच्या बँडचा बेसवादक बेंगळुरूला असतो. त्याने घरून पाठवलेले ट्रॅक 44.1 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने घेऊन, केलेले होते आणि आमचे ध्वनिमुद्रण 48 वर. रूपांतर न करता असे ट्रॅक लावले तर ते जवळजवळ नऊ टक्के जास्त वेगाने आणि सुमारे दीड अर्धस्वर (सेमीटोन) चढे वाजतात. इतर शहरांतील सदस्यांना हा आकडा पहिल्याच निरोपात कळवावा, प्रत्येक फाइलच्या नावात गाणे, वाद्य आणि टेक लिहावे, आणि एक प्रत दुसऱ्याच घरात ठेवावी.

पैशांचे बोलणे लाजून टाळू नये. शिकागोचे ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी, जे 2024 साली वारले, ते एकरकमी मोबदला घेत आणि रॉयल्टी नाकारत. ती उदारता होती, तशीच शिस्तही होती, कारण काम संपले की हिशेबही संपत असे. आपल्याकडे मित्रत्वाच्या नात्याने काम सुरू होते आणि मिक्सची बारावी आवृत्ती मागताना कुणालाच संकोच वाटत नाही. निम्मी रक्कम हॉलमध्ये पाय ठेवण्यापूर्वी घ्यावी, मिक्समधील बदलांच्या दोनच फेऱ्या मोबदल्यात धराव्यात, त्यापुढील प्रत्येक फेरीचा दर लिहून द्यावा, आणि मूळ ट्रॅक उरलेली रक्कम जमा झाल्यावरच सोपवावेत. बँडमध्ये शाळासोबती असतील तर हे सर्व कागदावर आणखी लवकर उतरवावे.