जुन्या बाइकच्या कार्बोरेटरचा फ्लोट सेट करताना

ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकतंय म्हणून लगेच फ्लोटची, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची, पट्टी वाकवू नका. बहुतेक वेळा दोष नीडलचा, म्हणजे पेट्रोल अडवणाऱ्या टोकदार सुईचा असतो: तिच्या टोकावर गोल चर पडलेला असतो किंवा सीटवर, म्हणजे ती टेकते त्या जागी, कचरा बसलेला असतो. फ्लोट कानाजवळ हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका आहे, बदलाच.

हे सगळं ठीक असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून बाऊल (खालची वाटी) रिकामा करा, उघडा आणि गॅस्केट काढा. कार्बोरेटर उलटा धरून हळूहळू तिरका करा. पट्टी नीडलच्या स्प्रिंगवाल्या पिनला जेमतेम टेकेल तिथे थांबा. पिन दबली की माप चुकलं, आणि नेमकी इथेच गफलत होते. आता गॅस्केट बसते त्या कडेपासून फ्लोटच्या वरच्या टोकापर्यंत व्हर्नियरने मोजा. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्या.

माप जास्त आलं तर बाऊलमध्ये पेट्रोल कमी राहतं, गाडी वरच्या वेगाला अडखळते. कमी आलं तर प्लग काळा पडतो. पट्टी अगदी किंचित वाकवा आणि पुन्हा मोजा. दोन फ्लोट असतील तर दोन्ही एका पातळीत हवेत. पूर्ण प्लास्टिकच्या फ्लोटला वाकवायला पट्टीच नसते. तिथे नीडल आणि फ्लोट नवे घालणे एवढंच हातात.