शेजारच्या देशातून मका घेताना वायदे बाजाराचा भाव कसा वापरावा

दक्षिण आफ्रिकेतला पांढरा मका शेजारच्या देशांतील पिठाच्या गिरण्यांकडे जातो आणि या व्यवहारातली बोलणी जोहान्सबर्गच्या वायदे बाजारातील, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा भाव आजच ठरवणाऱ्या बाजारातील, भावापासून सुरू होतात. 'सॅफेक्स' नावाचा हा बाजार २००१ साली जोहान्सबर्ग स्टॉक एक्स्चेंजने आपल्याकडे घेतला, पण 'सॅफेक्सचा भाव' हा शब्दप्रयोग टिकून राहिला. पडद्यावरचा हा आकडा आणि गिरणीत उतरलेल्या मक्याची किंमत यांत बरेच अंतर पडते. ते आधी मोजता येत नसेल, तर सौदा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम परवाने पाहावेत, भाव नंतर. दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना, लेसोथो, नामिबिया आणि एस्वातिनी यांचा सीमाशुल्क संघ १९१० पासून आहे, म्हणून सीमेवर अडचण येणार नाही असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात नामिबियात स्थानिक पांढरा मका बाजारात येतो, तेव्हा तो उचलला जाईपर्यंत आयात रोखली जाते. संघाबाहेरच्या झांबियाचा प्रश्न वेगळा आहे. दक्षिण आफ्रिकेतील बहुतांश मका जनुकीय बदल केलेल्या वाणांचा असतो, आणि २००२ च्या अन्नटंचाईतही झांबियाने असा मका मदत म्हणूनसुद्धा नाकारला होता.

त्यानंतर भाव नेमका कशाचा आहे, ते समजून घ्यावे. वायद्याचा एक करार १०० टनांचा असतो, भाव रँड या दक्षिण आफ्रिकेच्या चलनात आणि ठरावीक प्रतीच्या मालाचा असतो, आणि तो जोहान्सबर्गच्या पश्चिमेकडील रँडफाँटीन हे ठिकाण धरून काढलेला असतो. माल दूरच्या सायलोत, म्हणजे धान्याच्या मोठ्या कोठारात असेल, तर वाहतुकीपोटी ठरवून दिलेला फरक त्यातून वजा होतो. तुमच्या गिरणीपर्यंतचे भाडे, विमा, तपासणी आणि सीमेवर गाडी खोळंबल्यास होणारा खर्च हे सगळे तुम्हालाच त्यात मिळवावे लागते.

आता नामिबियाची राजधानी विंडहुकमधल्या एखाद्या गिरणीला तीन महिन्यांनी ५०० टन मका लागणार आहे, असे समजू. टनाला ४,००० रँड भावाने तिने पाच करार घेतले आणि पुढे वायदा व हजर भाव (लगेच मिळणाऱ्या मालाचा भाव) दोन्ही ४०० रँडनी चढले, तर मक्यासाठी जादा मोजावे लागणारे २,००,००० रँड वायद्याच्या नफ्यातून भरून निघतात. हजर भाव तेवढाच चढला नाही, तर मेळ पूर्ण बसत नाही, हे मात्र गृहीत धरावे. लोक फसतात ते दुसऱ्याच ठिकाणी. हिशेब रोजच्या रोज होत असल्यामुळे मध्येच भाव १५० रँडनी घसरला, की ७५,००० रँड मार्जिन, म्हणजे तोटा भरून काढणारी रक्कम, म्हणून लगेच भरावे लागतात. तेवढी रोकड हाताशी नसेल, तर अंदाज बरोबर असूनही सौदा तोट्यात मोडावा लागतो.

प्रत्यक्ष माल वायद्यातून उचलण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये. कोणत्या सायलोची पावती (तिथला माल आपला असल्याचा कागद) द्यायची हे विकणारा ठरवतो, आणि ती सीमेपासून दूरच्या कोपऱ्यातील असू शकते. आपल्या सोयीच्या सायलोतून माल थेट खरेदी करावा आणि त्याच दिवशी तेवढे करार विकून मोकळे व्हावे.

चलनाचा प्रश्न देशागणिक बदलतो. नामिबियाचा डॉलर रँडशी एकास एक बांधलेला आहे, त्यामुळे वरच्या हिशेबात तो आडवा येत नाही. बोट्सवानाच्या 'पुला' या चलनाचे तसे नाही. तिथल्या गिरणीने भावाबरोबर रँडचा दरही बांधून घ्यायला हवा.

मालाच्या करारात ओलाव्याची अट आकड्यात लिहून घ्यावी. १६ टक्के ओलाव्याचा १०० टन मका वाळून १३ टक्क्यांवर आला, की सुमारे ९६.५ टनच उरतो. म्हणजे साडेतीन टन पाण्याचे पैसे कोणीतरी दिलेले असतात. वजन आणि ओलावा भरताना मोजायचा की उतरवताना, तसेच दोन्हींत फरक आल्यास कोणाची नोंद ग्राह्य धरायची, हेही तिथेच लिहावे. आयात परवाना ठरलेल्या तारखेपर्यंत न मिळाल्यास खरेदी रद्द करण्याचे कलमही त्यात असावे, आणि तशी वेळ आलीच, तर भाव सुधारण्याची वाट न पाहता घेतलेले वायद्याचे करार त्याच दिवशी विकून टाकावेत.