'हे दोन फॅक्टर मिळून काम करतात' असं लिहिण्याआधी या चुका टाळा

फेब्रुवारी संपत आला की दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या जिन्यावर एम.एस्सी.च्या मुलांच्या चपला दिसायला लागतात. डिझर्टेशन द्यायला पंधरा दिवस उरलेले, हातात चार्जर, आणि तोंडी एकच वाक्य: "ताई, फक्त एकदा नजर टाका ना." विषय थोड्याफार फरकानं सगळ्यांचा एकच असतो, अमुक ऊतीत कोणते ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएवर बसणारी प्रथिनं, मिळून जनुकं चालू-बंद करतात. माणसात असे फॅक्टर साधारण १,६०० आहेत, पण चुका मात्र मोजून आठ-नऊ. त्याच त्या. बोलून बोलून घसा बसला, म्हणून लिहून टाकते.

पी-व्हॅल्यू शून्य आली म्हणून पेढे वाटणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. गेल्या वर्षी एका मुलीनं यकृताच्या हेप-जी-२ पेशींमधल्या एचएनएफ-४ए आणि फॉक्स-ए-२ या दोन फॅक्टरांच्या चिप-सीकच्या (फॅक्टर डीएनएवर कुठं बसलेत ते दाखवणाऱ्या चाचणीच्या) तयार याद्या उतरवून घेतल्या. कुठली शिखरं (फॅक्टर बसल्याच्या जागा) एकमेकांवर पडतात ते मोजलं, मग एक यादी जीनोमभर, म्हणजे पेशीतल्या अख्ख्या डीएनएवर, वाटेल तशी विखरून तुलना केली. "ताई, पी-व्हॅल्यू शून्य आली!" पी-व्हॅल्यू म्हणजे असा मेळ नुसत्या योगायोगानं दिसण्याची शक्यता, आणि शून्य म्हणजे आकडा इतका बारीक की संगणकानंही लिहायचा कंटाळा केला.

मी म्हटलं, "आता एचएनएफ-४ए काढ आणि तिथं तुला वाटेल तो फॅक्टर घाल." घातला. शून्य. दुसरा घातला. शून्य. चहा गार होईपर्यंत आठ झाले, आठही शून्य.

"म्हणजे सगळेच सगळ्यांचे भागीदार?" तिनं हळूच विचारलं.

रविवारी सकाळी दोन माणसं खंडेराव मार्केटात दिसली म्हणून त्यांची सोयरीक जुळली असं आपण म्हणत नाही. त्या वेळी अर्धं बडोदं भाजीला आलेलं असतं. पेशीतही तेच चालतं. कुठल्याही एका प्रकारच्या पेशीत उघडं क्रोमॅटिन, म्हणजे डीएनएचा सैल, फॅक्टरांना पोचता येणारा भाग, जीनोमच्या जेमतेम दोन-तीन टक्के, आणि बहुतेक फॅक्टर तिथंच दाटीवाटीनं बसणार. काही जागांवर तर डझनावारी फॅक्टर एकावर एक सापडतात. अख्ख्या जीनोमशी तुलना केली की इतकंच सिद्ध होतं, की दोघंही उघड्या दारातून आत शिरतात.

मी तुलना त्याच पेशीतल्या उघड्या जागांशी करते, अशा जागा शोधणाऱ्या एटॅक-सीक किंवा डीएनेज या चाचण्यांच्या यादीवरून. प्रमोटर (जनुकाच्या सुरुवातीचे स्विच) वेगळे, लांबचे एन्हान्सर (दुरून जनुकाला जोर देणारे तुकडे) वेगळे. एवढं चाळून जे उरतं त्यातही दोन मोटिफांमधलं, म्हणजे फॅक्टर ज्यावर बसतात त्या डीएनएच्या ए-सी-जी-टी अक्षरांच्या छोट्या ओळींमधलं, अंतर बघते. लाल रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींत गाटा-१ आणि टाल-१ यांच्या मोटिफांमध्ये बऱ्याच ठिकाणी सात-आठ अक्षरांचं ठरलेलं अंतर मिळतं, कारण एलएमओ-२ आणि एलडीबी-१ ही प्रथिनं दोघांना एका गटात बांधून ठेवतात. मग वीस जागा जीनोम ब्राउझरमध्ये उघडून एकेक डोळ्यांनी बघते आणि वहीत टिपते. मुलं वहीला हसतात. हसू देत. रात्री बाराला पाइपलाइन लावून सकाळी नऊला निष्कर्ष लिहिणाऱ्यांना वही जडच जाते.

उलट्या टोकाची घाईही बघितली आहे. ठरलेलं अंतर नाही, पुल-डाउनमध्ये (एक प्रथिन ओढून त्याला काय चिकटतं ते बघण्याच्या चाचणीत) दोन प्रथिनं एकमेकांना चिकटली नाहीत, म्हणून "सहकार्य नाही" असं ठोकून द्यायचं. न्यूक्लिओसोमवर (प्रथिनांच्या रिळावर) डीएनएची १४७ अक्षरं गुंडाळलेली असतात. तेवढ्या टापूत दोन फॅक्टर आपापल्या जागी बसू पाहतात आणि दोघांच्या रेट्यानं न्यूक्लिओसोम हटतो. एकमेकांना स्पर्शही न करता.

मोटिफ दिसला की फॅक्टर बसलाच असं धरणं. गाटाचा मोटिफ सहा अक्षरांचा, त्यातलीही दोन ढिली. ३०० कोटी अक्षरांत तो नुसत्या योगायोगानं ५० लाखांहून जास्त वेळा निघतो. एखाद्या पेशीत गाटा-१ प्रत्यक्ष बसलेल्या जागा हजारांत मोजाव्या लागतात.

मोटिफवरून फॅक्टरचं नाव सांगणं. त्यावरून फक्त आडनाव कळतं. गाटा-१ ते गाटा-६ सगळ्यांचा मोटिफ जवळपास सारखाच. हृदयाच्या नमुन्यात गाटा-१ चं नाव छापण्याआधी तिथं कोण राहतं ते बघा, तिथं गाटा-४ असतो.

फॅक्टरच्या जनुकाचा आरएनए (त्याची कामापुरती नक्कल) भरपूर, म्हणून फॅक्टर कामावर आहे असं समजणं. एनएफ-कप्पा-बी शांत पेशीत केंद्रकाबाहेर बांधून ठेवलेला असतो, डीएनएपर्यंत पोचतच नाही.

ऊतीचा तुकडा म्हणजे एकच पेशी असं मानणं. सेव-उसळ मिक्सरमधून काढली तर वाटाणा होता, सेव होती, एवढं कळेल. दोन्ही एकाच घासात होते का, ते नाही. यकृताच्या तुकड्यात हेपॅटोसाइट (यकृताच्या मुख्य पेशी) असतात, कुप्फर पेशी (तिथल्या रोगप्रतिकारक पेशी) असतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशीही असतात.

शेजारचं जनुक तेच मालक

फॅक्टर जिथं बसला ती जागा सगळ्यात जवळचंच जनुक चालवते असं धरणं, ही चूक मोठमोठ्यांनी केलेली, म्हणून पोरांना फार रागवत नाही. २००७ साली स्थूलतेशी जोडलेले फरक एफटीओ या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनाचा मजकूर नसलेल्या तुकड्यात) सापडले आणि सगळे एफटीओच्या मागे लागले. पुढं २०१४-१५ मध्ये कळलं, की त्या जागेची तार लाखो अक्षरं दूर असलेल्या आयआरएक्स-३ आणि आयआरएक्स-५ या जनुकांशी जुळलेली आहे. एका ठिकाणी टी चा सी झाला की एआरआयडी-५बी या दाबून ठेवणाऱ्या फॅक्टरची पकड सुटते, आणि चरबीच्या पेशी घडण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात ही दोन जनुकं जोरात चालतात. बिघडला की बोटांची संख्या बदलणारा, एसएचएच या जनुकाचा एन्हान्सर तर साधारण १० लाख अक्षरं दूर, एलएमबीआर-१ या भलत्याच जनुकाच्या पोटात बसलेला. हाय-सीचा (डीएनएचे लांबचे भाग कुठं जवळ येतात ते दाखवणारा) किंवा क्रिस्परचा (डीएनए नेमक्या जागी कापून बघण्याचा) पुरावा हाती नसेल तर मी "जवळचं जनुक" एवढंच लिहिते, "लक्ष्य जनुक" लिहीत नाही.

इथंच एका ऊतीचा निकाल दुसरीवर चिकटवण्याचा मोहही होतो. छोटा उदेपूरकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, त्यामुळे बीसीएल-११ए हे नाव आमच्याकडच्या मुलांना पाठ असतं. हे प्रथिन गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन दाबून ठेवतं. २०२३ साली ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेल्या क्रिस्पर उपचारात ते जनुक मोडत नाहीत. त्याच्या इंट्रॉनमधल्या एन्हान्सरवरची गाटा-१ बसण्याची जागा तेवढी कापतात. त्यामुळे बीसीएल-११ए घटतं ते लाल पेशींच्या वंशात. बी-लिम्फोसाइटना ते लागतं, तिथं शाबूत राहतं.

शेवटची चूक माझी स्वतःची. चिप-सीक एचजी-१९ वर, एटॅक-सीक एचजी-३८ वर (मानवी जीनोमच्या नकाशाच्या या दोन आवृत्त्या, त्यांतले पत्ते जुळत नाहीत), आणि मी दोन्ही फाइली सरळ एकमेकींवर ठेवल्या. कसली तक्रार नाही, एरर नाही, नुसतं ओव्हरलॅप कमी. मी तीन आठवडे त्यामागचं जीवशास्त्र शोधत बसले. जीनोममधल्या जागा नोंदवणाऱ्या फाइलींतली बेड फाइल शून्यापासून मोजते आणि जीटीएफ एकापासून, यानंही एकदा हात पोळलेत.

त्या आठ शून्यवाल्या मुलीनं शीर्षकातला "भागीदार" शब्द काढला, तिच्या गाइडना काही ते रुचलं नाही. आता तिची फाइल येते तेव्हा पहिल्याच ओळीत ठळक अक्षरात एचजी-३८ लिहिलेलं असतं.