एसटी स्टँडपासून सुरू करा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. राहते आठ किलोमीटरवरच्या खेड्यात, येणंजाणं एसटीने. प्रकल्पाला 'नागरीकरण' विषय दिला की दरवर्षी वह्यांमध्ये धारावी येते आणि लोकलची गर्दी येते. यवतमाळच्या पुढे न गेलेल्या पोरांनी मोबाइलवरून उतरवलेली मुंबई. म्हणून आता मी पहिल्याच तासाला सांगते, उद्या सकाळी नऊला वही घेऊन स्टँडवर या. पुढे काय करायचं ते इथे लिहिते. बी.ए., एम.ए.वाल्यांनाही चालेल.

आधी शहर कशाला म्हणतात ते पाहून घ्या. नगरपालिका, नगरपंचायत, महानगरपालिका किंवा लष्कराची छावणी (कॅन्टोन्मेंट) असली की जनगणनेच्या हिशेबी ते शहर. यातलं काही नसेल तर तीन कसोट्या लागतात: लोकसंख्या किमान 5,000, घनता चौरस किलोमीटरला किमान 400, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात. हे फळ्यावर लिहीत होते तर मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, अन् बायाईचं काम मोजत नाही का?" तिची आई पालिकेच्या हद्दीत राहते आणि वेचणीच्या दिवसांत रोज ऑटोत दाटीवाटीने बसून खेड्यावर कापूस वेचायला जाते. पुस्तकातले बाण खेड्याकडून शहराकडे जातात, हा ऑटो उलटा जातो. व्याख्या पाठ करून ठेवा, पण ती कुठे फाटते ते शोधायला विसरू नका. प्रकल्प तिथेच सापडतो.

आता स्टँड. दोन तास बसा. कोणत्या गावची गाडी आली, किती जण उतरले, हातात काय होतं, एवढंच लिहा. मग उतरणाऱ्यांना तीन प्रश्न विचारा: गावातच काय मिळतं, दारव्ह्याला कशासाठी येता, आणि कशासाठी इथेही न थांबता पुढे जाता? उत्तरं ठरल्यासारखी येतात. तेल-मीठ गावात. बियाणं, खत, तहसीलचा दाखला, लग्नाचा बस्ता दारव्ह्यात. मोठा दवाखाना यवतमाळला, त्याहून मोठं दुखणं नागपूरला. हीच उतरंड वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने 1933 मध्ये दक्षिण जर्मनीतली गावं पाहून मांडली. परीक्षेत 'केंद्रस्थान सिद्धांत' म्हणून विचारतात तो हाच.

पण क्रिस्टालरच्या सिद्धांतात माणूस जवळच्या बाजारात जातो. आमच्याकडे तसं होत नाही. एका कास्तकाराला मी विचारलं, तुमच्या गावाजवळ कृषी केंद्र आहे, मग इतक्या लांब काहून येता? तो म्हणाला, "तिथं नगदी लागते जी. इथं कापूस निघेपर्यंत थांबते." म्हणजे बाजाराची हद्द किलोमीटरने ठरत नाही, उधारी ठरवते. आणि उधारी कुणाला मिळते? ओळख असलेल्याला, नात्यातल्याला, पुष्कळदा जातीतल्याला. भूगोल इथे संपतो. पुढचं समाजशास्त्राला आणि अर्थशास्त्राला विचारावं लागतं. आंतरविद्याशाखीय वगैरे शब्द प्रस्तावनेत आपोआप येईल, तो आधी लिहून मग विषय शोधत बसू नका.

प्रश्नावलीबद्दल माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी साठ फॉर्म छापून पोरांना घरोघर पाठवलं. लोकांना वाटलं, घरकुलाची यादी होते आहे. पक्क्या घरात बसून माणसं उत्पन्न सांगतात वर्षाला वीस हजार! एक आजी तर आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन पोरांच्या मागे स्टँडपर्यंत आली. सगळे फॉर्म फुकट. तेव्हापासून उत्पन्न विचारायचं नाही हा नियम. किराणा कुठून भरता, पोरगं कोणत्या शाळेत जातं, आजारी पडलं तर आधी कुठे नेता, हे विचारा. आणि आपण सरकारी नाही हे पहिल्या वाक्यात सांगा.

इतिहासासाठी शकुंतला रेल्वेच्या रुळांवर जा. यवतमाळ-मूर्तिजापूर ही 762 मिलिमीटरची अरुंद लाइन किलिक निक्सन या इंग्रज कंपनीची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. इथला कापूस मूर्तिजापूरला रुंद रुळावर चढायचा आणि मुंबईमार्गे विलायतेला जायचा. वाफेचं इंजिन 1994 मध्ये गेलं, डिझेल आलं. आता गाडीच येत नाही. जुनी माणसं बोलतात भरभरून, पण तारखा ताडून पाहा. अमेरिकेतल्या युद्धामुळे आपली रेल्वे आली, असं मला तिघांनी तरी सांगितलं. ते युद्ध 1861 ते 1865. वऱ्हाडच्या कापसाला तेव्हा भाव चढला हे खरं, पण ही लाइन त्यानंतर कित्येक दशकांनी आली. माणसाची आठवण खोटी नसते, ती दोन गोष्टी एकात बांधते. तीही वहीत लिहा, फक्त वेगळ्या पानावर. 1908 चं जिल्हा गॅझेटियर, म्हणजे इंग्रज राजवटीतलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, मिळालं तर वाचा, मात्र ते कुणी आणि कशासाठी लिहिलं हे ध्यानात ठेवून.

कागदांत नझूलचे (शहरातल्या सरकारी जमिनीचे) नकाशे, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि नव्या लेआउटचे अकृषक, म्हणजे बिगरशेतीचे, आदेश पाहा. कालचं वावर आज प्लॉट कसं झालं ते तारखेनिशी कळतं. कार्यालयात पोरांना एकटं पाठवू नका, चकरा मारून कंटाळतात.

पाण्याचा नकाशा मात्र पोरं हौसेने करतात. लंडनमध्ये 1854 साली जॉन स्नो या डॉक्टरने पटकीचे (कॉलऱ्याचे) मृत्यू नकाशावर मांडले आणि दोष एका पंपाकडे जातो हे दाखवलं. आपण प्रत्येक गल्लीत नळ किती दिवसांनी येतो ते ठिपक्यांनी मांडायचं. मग व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला गाठा. कोणता व्हॉल्व्ह आधी उघडतो आणि का, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आणखी एक करून पाहा, थोडं कडू आहे. संविधान सभेत 4 नोव्हेंबर 1948 ला डॉ. आंबेडकरांनी खेड्याला अज्ञानाची आणि संकुचितपणाची जागा म्हटलं होतं. तालुक्याचं शहर त्यातून सोडवतं का? लेआउटमध्ये भाड्याची खोली शोधणाऱ्या पोरांना विचारा, घरमालकाने आधी डिपॉझिट सांगितलं की आडनाव विचारलं. हॉटेलात मात्र चहा सगळ्यांना एकाच कपात मिळतो. दोन्ही गोष्टी लिहा.

छोट्या गावाचा कसला अभ्यास, असं कुणी म्हणालं तर इरावती कर्व्यांचं नाव सांगा. 1965 साली त्यांनी रणदिव्यांसोबत फलटणचा, म्हणजे एका वाढत्या गावाचा आणि त्याच्या पंचक्रोशीचा, अभ्यास छापला. आणि 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे मुळात जीवशास्त्राचे. नगररचनाकार म्हणून ते आधी गल्ल्या पायी फिरत, मग कागदाला हात लावत. तेव्हा चपला मजबूत घाला.

शेवटी नकाशा लावण्याबद्दल. बायांच्या कामाचं विचारणाऱ्या त्या मुलीने उधारीचा नकाशा काढला: गावापासून दुकानापर्यंत रेघा, उधारी जास्त तितकी रेघ जाड. फार सुंदर झाला होता. प्रदर्शनात लावला आणि तासाभरात एक दुकानदार येऊन समोर उभा राहिला, दुसऱ्याकडे कोणकोणती गावं जातात ते बोटाने मोजत. मी नकाशा तिथेच उतरवला. तिने रात्री बसून दुकानांची नावं काढून क, ख, ग टाकले. तुम्ही आधीच टाका.