बोर्डोची पाँते-काने ही रेड वाईन घरी आली तर ती कशी सांभाळायची, कशी उघडायची

आमचं निफाडकडचं द्राक्षाचं घर, त्यामुळे बोर्डो, म्हणजे फ्रान्समधला वाईनचा भाग, हा शब्द मी वाईनच्या आधी फवारणीत ऐकलाय. मोरचूद आणि चुना, ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डावणी या बुरशीच्या रोगासाठी मारायचं ते बोर्डो मिश्रण. वडील अजूनही त्यात लोखंडी खिळा बुडवून बघतात, खिळ्यावर तांबूस थर चढला की अजून चुना टाकायचा. मावसभावाने फ्रान्सहून बाटली आणली तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "हे आपल्या बोर्डोवालं बोर्डो का रे?" हो, तेच. तिकडे बोर्डोतल्या मेदोक भागात रस्त्याकडेची द्राक्षं लोकांनी तोडून खाऊ नयेत म्हणून वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, आणि मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांना दिसलं की नेमक्या त्याच वेलींवर डावणी नाही. १८८५ मध्ये त्यांनी ते जगाला सांगितलं.

बाटली होती शातो पाँते-काने २०१४. मेदोकमधल्या पोइयाक गावची, मूतों रोथशिल्ड या नावाजलेल्या वाईनच्या बागेशेजारची बाग, साधारण २०० एकर, बोर्डोच्या वाईनच्या १८५५ च्या प्रतवारीत पाचपैकी पाचव्या श्रेणीत, आणि १९७५ पासून तेसरों कुटुंबाकडे. २००४ पासून त्यांनी बायोडायनॅमिक शेती सुरू केली, म्हणजे रासायनिक खत नाही, तणनाशक नाही, गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरायचं आणि मग ते पाण्यात तासभर ढवळायचं, एका दिशेने भोवरा झाला की उलट दिशेने, आणि ते पाणी बागेत शिंपडायचं. काही भागात ट्रॅक्टरऐवजी घोडे चालवतात कारण माती दबत नाही. शिंगाने नक्की काय होतं ते मला पटेल असं कुणी समजावलेलं नाही, पण डावणी आली असताना औषध न मारता थांबणं म्हणजे काय हे मला माहितीये. २००७ ला डावणीमुळे नाइलाजाने त्यांनी रासायनिक फवारणी केली आणि प्रमाणपत्राची वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागली, २०१० पासूनच्या पिकाला ते मिळालं. २०१८ ला पुन्हा डावणी आली तेव्हा ते हटले नाहीत आणि दोन तृतीयांशाच्या आसपास पीक गेलं. मोरचूद तिथेही चालतं बरं का, पण मोजून, युरोपात ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोच्या वर तांबं जाता कामा नये.

एवढं सांगायचं कारण की अशी बाटली आपल्याकडे येऊन कपाटावर एक उन्हाळा काढते आणि वाया जाते, हे मला बघवत नाही. माझी पहिली बाटली अशीच गेली. मे महिन्यात किचनच्या वरच्या फळीवर ठेवली होती, काढली तर बूच जरा वर सरकलेलं, गळ्याला चिकट ओघळ, आणि चव शिजवलेल्या फळासारखी. म्हणून पहिलं काम, बाटली आली की त्याच दिवशी थंड आणि अंधाऱ्या जागी आडवी ठेवा. १२-१४ अंश उत्तम. वाईनचा वेगळा फ्रीज नसेल तर साध्या फ्रीजच्या भाजीच्या ट्रेमध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळून, काही महिने आरामात राहते. दारात ठेवू नका, दार सारखं उघडतं आणि बाटली हलत राहते.

मग बाटलीवरचं वर्ष, म्हणजे द्राक्षं तोडली ते वर्ष, बघा. यात काबेर्ने सोव्हिन्याँ जातीची द्राक्षं जास्त, त्याच्या खालोखाल मेर्लो जातीची, त्यामुळे लहान वयात ही वाईन जांभळाच्या सालीसारखी तुरट लागते, जीभ ओढली जाते. दहा वर्षं तरी होऊ द्या. घाई असेल तर दुसरी स्वस्त वाईन घ्या, खरंच सांगतोय.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसतो. आता तापमान, लोक सगळ्यात जास्त इथे चुकतात. रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची म्हणतात ते तिकडच्या जुन्या थंड दगडी घरांचं, आपल्या ३० अंशाच्या हॉलचं नाही. १६ ते १८ अंश पाहिजे. फ्रीजमधून काढून पाऊण तास ते तास ठेवा, किचनचा थर्मामीटर असेल तर बुडवून बघा.

वरचं वेष्टण ओठाच्या खालच्या कडेने कापा, तोंड ओल्या कपड्याने पुसा, स्क्रू मधोमध घाला आणि बूच हळूहळू, न फिरवता वर ओढा. थोडी ओतून वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा दमट खोलीचा वास आला तर बूच खराब निघालंय, त्याला काही इलाज नाही.

वास चांगला असेल तर काचेच्या जगमध्ये ओता. डिकँटर, म्हणजे वाईन ओतायचं खास काचेचं भांडं, पाहिजेच असं नाही, पाण्याचा जग चालतो, फक्त साबणाचा वास नको. बाटलीच्या गळ्याखाली मोबाईलचा टॉर्च धरा आणि मध्ये न थांबता एका धारेत ओतत जा, गळ्यात काळपट रेघ सरकताना दिसली की थांबा, तो गाळ. दहा-बारा वर्षांच्या बाटलीला दोन तास हवा द्या, पंचवीस-तीस वर्षांची असेल तर ओतून लगेच प्या कारण जुनी वाईन हवेत पटकन विरते. ग्लास मोठा घ्या आणि एक तृतीयांशच भरा. ही वाईन काही ओकच्या पिंपात आणि काही ९०० लिटरच्या काँक्रीटच्या रांजणांत मुरवलेली असते, रांजणातून हवा मिळते पण लाकडाची चव लागत नाही, त्यामुळे फळ जास्त स्वच्छ जाणवतं.

सोबत काय? पोइयाकमध्ये कोकराचं मटण खातात. आपल्याकडे अळणी मटण, आलं-लसूण-हळद-मीठ एवढंच, हाडाचा रस उतरलेला, याच्यासारखं काही नाही. तांबडा रस्सा मला जिवापाड आवडतो पण इथे नको, तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही टोचायला लागतात.

वडील पीत नाहीत, त्यांनी ग्लास नाकाशी धरला, बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाले, पावसानंतर बागेत शिरल्यावर येतो तसला वास येतोय.

उरली तर लहान बाटलीत अगदी काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. आमची दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा मऊ लागली.