लिनक्सवर नेटवर्क आपोआप जोडले जात नसेल तर काय तपासावे

नाशिकच्या पंचवटीतील एका अभ्यासिकेतल्या सहा संगणकांची देखभाल मी करतो. त्या सर्वांवर डेबियन लिनक्स आहे. पावसाळ्यात वीज जाऊन परत आली की सगळे संगणक सुरू होतात, पण त्यांतले दोन-तीन नेटवर्कला जोडले जात नाहीत, आणि स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायला आलेली मुले शेवटच्या तारखेला ताटकळत बसतात. अशा वेळी केबल काढून पुन्हा लावण्याकडेच बहुतेकांचा हात जातो. त्याने काम बरेचदा भागतेही. मात्र मूळ कारण झाकलेलेच राहते आणि पुढच्या वेळी वीज गेली की तीच अडचण पुन्हा उभी राहते.

डेबियन, उबंटू, फेडोरा यांच्या डेस्कटॉप आवृत्त्यांमध्ये जोडणीचे काम साधारणपणे नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्राम करतो. रेड हॅटने तो 2004 साली सुरू केला. जोडणी आपोआप व्हायची, तर काही अटी पूर्ण व्हाव्या लागतात: नेटवर्क कार्ड त्याच्या ताब्यात असावे, तारेत सिग्नल असावा, त्या कार्डाला लागू पडणारी आणि आपोआप जोडण्याची परवानगी असलेली प्रोफाइल (म्हणजे जोडणीच्या सेटिंगचा संच) जतन केलेली असावी आणि शेवटी राउटरकडून आयपी पत्ता (नेटवर्कवरील संगणकाचा क्रमांक) मिळावा. यांपैकी कोणती अट अडली आहे, एवढेच शोधायचे असते.

पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप कराव्यात; आज्ञांच्या नावांतील अक्षरांमधल्या आडव्या रेघा फक्त उच्चारासाठी आहेत, त्या लिहू नयेत. सर्वप्रथम ‘एन-एम-सी-एल-आय डिव्हाइस स्टेटस’ ही आज्ञा द्यावी. प्रत्येक कार्डासमोर त्याची स्थिती दिसते, आणि अर्धे निदान तिथेच होते.

‘अनअव्हेलेबल’ असे दिसले, तर वायरच्या जोडणीत केबल सैल आहे किंवा पलीकडचा स्विच बंद आहे. वाय-फायच्या बाबतीत रेडिओ बंद असतो किंवा कार्डाचे फर्मवेअर (कार्ड चालवण्यासाठी त्यात भरावे लागणारे सॉफ्टवेअर) बसवलेले नसते. ‘आर-एफ-किल लिस्ट’ या आज्ञेने रेडिओ कळीने बंद झाला आहे की सॉफ्टवेअरने, हे समजते. फर्मवेअरचा प्रश्न जुन्या डेबियनवर फार येत असे. 2023 साली आलेल्या डेबियन 12 पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच समाविष्ट केले जाते.

‘अनमॅनेज्ड’ असे दिसले, तर ते कार्ड नेटवर्कमॅनेजरच्या ताब्यातच नाही. डेबियन आधी डेस्कटॉपशिवाय बसवून डेस्कटॉप नंतर चढवला की हे हमखास घडते, कारण त्या कार्डाचे नाव ‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘नेटवर्क’ या फोल्डरच्या ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये आधीच लिहिलेले असते, आणि तिथे नोंद असलेल्या कार्डाला नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही. फाइलची प्रत काढून ठेवावी, फक्त त्या कार्डाच्या ओळी काढाव्यात, ‘एल-ओ’च्या (संगणकाच्या स्वतःशीच होणाऱ्या अंतर्गत जोडणीच्या) ओळी तशाच ठेवाव्यात आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

‘डिसकनेक्टेड’ दिसत असेल, तर कार्ड ठीक आहे, प्रोफाइल तपासावी. कोणी हाताने जोडणी तोडली असेल, तर नेटवर्कमॅनेजर ते कार्ड स्वतःहून पुन्हा जोडत नाही, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. प्रोफाइल जुन्या कार्डाच्या मॅक पत्त्याला (कार्डाच्या ओळख क्रमांकाला) किंवा इंटरफेसच्या नावाला (लिनक्सने कार्डाला दिलेल्या नावाला) बांधलेली असणे हेही नेहमीचे कारण आहे. आमच्या एका संगणकात दुसरे कार्ड बसवल्यावर ‘ई-एन-पी-2-एस-0’ या नावाचे ‘ई-एन-पी-3-एस-0’ झाले आणि जुनी प्रोफाइल निरुपयोगी ठरली. त्या प्रोफाइलमधील इंटरफेसचे नाव बदलताच काम झाले.

आता पावसाळ्यातल्या त्या अडचणीकडे येतो. तिथे या तिन्ही गोष्टी ठीक होत्या. ‘जर्नल-सी-टी-एल’ या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेला ‘वजा यू’ हा पर्याय आणि नेटवर्कमॅनेजर हे नाव देऊन नोंदी पाहिल्या (या नावातील एन आणि एम मात्र मोठ्या लिपीत लिहावे लागतात), तेव्हा ‘आयपी-कॉन्फिग-अनअव्हेलेबल’ हे कारण पुन्हा पुन्हा आलेले दिसले. डीएचसीपीमध्ये, म्हणजे आयपी पत्ता आपोआप मिळवण्याच्या पद्धतीत, संगणक आधी पत्ता कोण देईल असे विचारतो, राउटर पत्ता देऊ करतो, संगणक तो मागतो आणि राउटर होकार देतो. वीज आल्यावर आमचे संगणक आणि स्विच लगेच सुरू होत, राउटर मात्र बराच वेळ घेई. म्हणजे तारेत सिग्नल होता, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला पलीकडे कोणीच नव्हते. नेटवर्कमॅनेजर साधारणपणे 45 सेकंद वाट पाहतो आणि चार प्रयत्न फसले की काही काळ थांबतो. मुले समोर बसलेली असत, ती नेमकी याच काळात.

यावरचा उपाय छोटा आहे. ‘एन-एम-सी-एल-आय कनेक्शन शो’ या आज्ञेने प्रोफाइलचे नाव पाहावे. मग ‘सुडो एन-एम-सी-एल-आय कनेक्शन मॉडिफाय’ असे लिहून पुढे अवतरणचिन्हांत ते नाव द्यावे आणि त्यानंतर ‘कनेक्शन’, टिंब, ‘ऑटोकनेक्ट’, संयोगचिन्ह, ‘रिट्राइज’ हे सगळे सलग लिहून जागा सोडून 0 लिहावा. येथे शून्याचा अर्थ प्रयत्न कधीही न सोडणे असा आहे. सहाही संगणकांवर हा बदल केल्यावर मी मुद्दाम मेन स्विच पाडून पुन्हा लावला आणि एकाही केबलला हात न लावता सगळे जोडले गेले.

वाय-फाय लॉगिन केल्यावरच जोडले जात असेल, तर पासवर्ड केवळ त्या वापरकर्त्याच्या कीरिंगमध्ये (लॉगिननंतर उघडणाऱ्या पासवर्डच्या कुलूपबंद साठ्यात) साठवलेला असतो. जोडणीच्या सेटिंगमध्ये तो सर्व वापरकर्त्यांसाठी साठवण्याचा पर्याय निवडावा. मग तो कूटबद्ध न होता फाइलमध्ये राहतो, पण ती फाइल रूट (सर्वाधिकार असलेल्या) वापरकर्त्यालाच वाचता येते. अभ्यासिकेसाठी मला तेवढे पुरेसे वाटते. घरच्या लॅपटॉपवर मात्र मी कीरिंगच ठेवतो.